चौकातली चांदणी

आबाजींनी वाघिणीच्या पंजापाशी पळसाचं पान मांडलं, तेव्हा धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं दिव्यानीला झालं. फोटो काढणारे सगळे वळून बघायला लागले ना!

नागपूरच्या या चौकात सकाळीसुद्धा झुंबड. कोवळ्या उन्हात पितळी चांदणी अशी झळाळत होती, की आता शेपटी हलवील आणि सिग्नल ओलांडून थेट दिव्यानीच्या गावाकडे, मूल तालुक्यातल्या धानाच्या बांधीत, भातखाचरात उतरेल. सहा वर्षांपूर्वी ती तिथूनच बेपत्ता झाली. शहर हळहळलं, पुतळा उभा राहिला. खाली पाटी : ‘चांदणी, परत ये.’

अकराला वक्तृत्वाची अंतिम फेरी. ‘चांदणी जिवंत आहे’ या भाषणावर नववीतल्या दिव्यानीनं तालुका जिंकला, जिल्हा जिंकला. तिला खात्रीच होती. डोळे मिटले की धुक्यातून, ओल्या धानातून चांदणी सावकाश चालत यायची. मागे दोन पिल्लं.

सोबतीला तिचे आजोबा, आबाजी, आले होते. भात, वडे घरून रांधून.

“शिवेवरच्या वाघोबाले ठेवतो तसा निवद हाय का, आबाजी?”

“तसाच समज.”

“मंग चाल ना आता! कोनाची वाट पाहून राह्यला?”

“येते तो. शहरात बी असते.”

पहारेकरी नथ्थूभाऊ हसला. “बाबाजी, पितळेची हाय ते. जेवत नाई.”

“खरी जिवंत हाय जंगलात!” दिव्यानीनं त्याला सुनावलं. “पाहाल तुमी, येते का नाई एक दिवस!”

“तुह्या तोंडात साखर, पोरी.”

आबाजींनी मान खाली घातली. दहा वाजले. सव्वादहा.

“आबाजी, माहा पयला नंबर हाय बोलाचा. उशीर झाला तं बाद करतीन मले!”

“तू तेच सांगशील तिथी? जिवंत हाय म्हनून?”

“मंग काय! खोटं थोडीच हाय?”

तेवढ्यात वाघिणीच्या कानावरून एक कावळा खाली उतरला. तिरका तिरका चालत आला आणि भाताला चोच लावून उडाला.

आबाजी ढसाढसा रडायला लागले. दिव्यानी घाबरून त्यांच्याजवळ बसली.

“सुटली,” ते म्हणाले. “सहा वर्सं कावळा शिवत नव्हता, माय. आपल्याच बांधीत पुरली हाय मी तिले. करंटाची तार डुकरांसाठी लावली होती.”