टेबलावरची घंटा

"कशालाही हात लावू नका. घंटेला लावला तर चालेल, ती सगळेच वाजवतात. फोटो छान येतो," गाईड म्हणाला.

स्मारक केलेल्या घराच्या माडीवर, कवीच्या टेबलावर लाकडी मुठीची एवढीशी पितळी घंटा होती. मुठीला कोणीतरी लाल फीत बांधली होती. आजी टेबलाजवळ गेली, नीट वाकून पाहिलं आणि तिने नातीचा दंड घट्ट धरला.

"ही वर कशी आली?"

"इथेच असायची, आजी. कविता पुरी झाली की कवी ही वाजवायचे म्हणे."

म्हणे! म्हणणाऱ्याचं काय जातं? ती घंटा खाली, मागच्या खोलीत, आजीच्या ताईच्या उशाशी असायची. ताई म्हणजे या कवीची बायको. छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली, हाक मारण्याइतकाही दम उरला नव्हता, म्हणून घंटा. डोंगरावरची हवा मानवेल म्हणून तिला इथे आणलं होतं. हवा मानवली ती कवीला. घंटा वाजली की धाकटी बहीण धावायची. ती धाकटी म्हणजेच ही आजी, तेव्हा एकोणीस वर्षांची. कवी त्या खोलीत पाऊल टाकत नसत.

हे गाईडला माहीत नव्हतं, आणि आजीने नातीला आधीच बजावलं होतं, आपण कोण ते कुणाला सांगायचं नाही.

गाईडने घसा साफ केला आणि पत्नीच्या मृत्यूवरच्या प्रसिद्ध कवितेतली ओळ म्हटली. "घंटा वाजत राहिली, घर झोपून राहिले."

ही ओळ नात आठवीत असताना घरात मोठ्याने पाठ करत होती, आणि आजी भाजी चिरत ऐकत होती. झोपलेलं घर म्हणजे कोण, हे नातेवाइकांना कुणी फोड करून सांगावं लागलं नाही. ताई गेली त्या दुपारी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून धाकटीचा डोळा लागला होता. चार रात्रींची जागी होती ती, पण ते कोण मोजतो? तिचं नाव पडलं कुंभकर्णीण. लग्नाच्या बैठकीतसुद्धा एका काकांनी ते हसत हसत काढलं. छप्पन्न वर्षं झाली. वाजली असेल, आपणच मेल्यासारख्या पडलो असू, असं आता तिलाही वाटायचं. आज ती आली होती ताईच्या खोलीच्या दाराशी उभं राहून एकदा माफी मागायला.

"आणि ही त्यांची रोजनिशी," गाईड काचेकडे वळला. "सगळ्यात गाजलेली, पर्वतावरची कविता ज्या दुपारी लिहिली, ते पान. दैव बघा, त्याच दिवशी पत्नी गेली."

"वाच गं," आजी म्हणाली. "मला बारीक दिसत नाही."

नात वाचू लागली. "कविता उतरते आहे. खालून सारखी घंटा..." ती थांबली.

"पुढे वाच."

"आजी, नको."

"वाच म्हणते ना!"

"खालून सारखी घंटा. शेवटी जाऊन, तोंडावर रुमाल धरून, घंटा वर घेऊन आलो. आता शांत आहे."

"बघा," गाईड कौतुकाने म्हणाला, "शब्दांना किती जपायचे!"

 गाईडने आजीला खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"ती घंटा घे," ती नातीला म्हणाली. "खाली चल."

"अहो, वस्तू जागची हलवता येत नाही!"

"तुमच्या कवींनी हलवली की."

नातीने घंटा उचलली. आजी कठडा धरून एकेक पायरी उतरली. मागून गाईड, "अहो आजी, माझी नोकरी जाईल" म्हणत. खालच्या स्वयंपाकघरात आता दुकान होतं. फळीवर कप मांडले होते आणि प्रत्येक कपावर वळणदार अक्षरांत तीच ओळ होती. चहा पिता पिता वाचायला.

आजी त्या फळीखाली, भिंतीला टेकून, जमिनीवर बसली.

"आजी, स्टूल देते ना," दुकानातली बाई धावली.

"नको. मी इथेच बसले होते." तिने डोळे मिटले. "जा तू. मागची खोली. दार लावून घे आणि वाजव. जोरात नाही हं. तिच्या हातात जोर नव्हता."

मागच्या खोलीत केरसुण्या आणि फिनेलचे डबे ठेवले होते. नातीने दार लावून घेतलं. दुकानातली बाई एका गिऱ्हाइकाला कप कागदात गुंडाळून देत होती. तिला काही ऐकू आलं नाही. गाईडलाही नाही.

आजी उठली. मघाशी जिना चढताना जिला दोन माणसं लागली होती, ती कुणाचा हात न धरता उठली आणि गाईडला बाजूला सारून बोळातून झपाझप निघाली. "आले गं ताई, आले," असं म्हणतच तिने दार ढकललं.

आत केरसुण्यांपाशी नात घंटा धरून उभी होती.

आजीला धाप लागली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "एक कान गेलाय माझा. तरी उठले की नाही?"