चार मिनिटांचं दृश्य

“हिला कोण विचारतं!” दिग्दर्शकाने वर्तमानपत्र टेबलावर आपटलं. चहा बशीत सांडला.

तीन समीक्षकांनी त्याच्या माहितीपटाला डोक्यावर घेतलं होतं. यंत्रमागाचा कारखाना, सत्तर मिनिटं, एकही शब्द नाही. नुसती चित्रं आणि सारंगी. चित्रीकरणानंतर तीन महिन्यांनी कारखान्याला आग लागली, अकरा जणी गेल्या. चित्रपट त्यांनाच अर्पण केला होता. मागापाशी उभी एक बाई चार मिनिटं कॅमेऱ्यात बघत पुटपुटते, त्या दृश्याला एकाने ‘श्रमाची प्रार्थना’ म्हटलं होतं.

आणि या चौथ्या समीक्षिकेने सगळ्यावर पाणी फिरवलं: ‘ती काहीतरी सांगतेय. दिग्दर्शकाला मात्र सारंगी ऐकायची आहे.’

“तिथे कानठळ्या बसतात! ऐकू काय येणार, कप्पाळ?” तो आईवरच ओरडला.

“माझ्यावर कशाला डाफरतोस?” आई समोरच्या गच्चीकडे बघत होती. “ती धाकटी सून सासूला सांगतेय बघ, उद्या माहेरी जाते म्हणून.”

खिडकीची काच लावलेली होती. पण रागाच्या भरात याला कुठलं भान!

आईने अशाच मागांवर अठ्ठावीस वर्षं काढली. त्या पगारावर हा शिकला. तिला चित्रपट दाखवायला मात्र साहेबांना आजवर सवड झाली नव्हती. आज झाली, कारण संध्याकाळच्या आत त्या समीक्षिकेला खरमरीत उत्तर पाठवायचं होतं आणि त्यात एक वाक्य हवंच होतं: मागावर जन्म काढलेल्या माझ्या आईला हे दृश्य पटलं.

त्याने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

आईने चष्मा पुसला. “ती सारंगी बंद कर आधी.”

चार मिनिटं ती हलली नाही. “पुन्हा लाव.”

त्याने पुन्हा लावलं. या वेळी तिचेही ओठ हलत होते.

“बघ, गहिवरलीस की नाही?” तो पेन काढत म्हणाला. “आता तूच सांग त्या शहाणीला. प्रार्थना नाही तर काय आहे ही?”

आईने त्याच्या हातातलं पेन हिसकावून फेकलं.

“मेल्या, मागावर कान कुणाचे चालतात? आम्ही जन्मभर एकमेकींचे ओठ वाचले.” तिने पडद्यावरच्या बाईकडे बोट केलं. “‘दादा, मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावतात. कुणाला तरी सांगा.’ चार मिनिटं तुझ्याकडे बघून हेच म्हणतेय ती.”