नाण्यावरचा अंगठा

नाण्यांना उघडा हात लावायचा नाही, हे ताईला मी हजार वेळा सांगितलं असेल. तरी विकायला काढलेल्या नाण्यावर, राणीच्या गालावर अंगठा उमटलेलाच. गिऱ्हाईक तासाभरात येणार होतं. माझं डोकं फिरलं.

"मी तुझ्या टेबलाकडे फिरकलेसुद्धा नाही," ताई म्हणाली.

"मग काय नाण्यानं स्वतःच उमटवला?"

डाग पुसून जाईना, म्हणून नाणं भिंगाखाली धरलं. नंतर पडलेला ओरखडा धातूत खाली उतरतो. या रेषा वर उठलेल्या होत्या, राणीच्या नाकासारख्याच. म्हणजे खोट टांकसाळीतलीच. दीडशे वर्षांपूर्वी हा अंगठा साच्यातच होता.

खरं तर तेव्हाच ताईची माफी मागायला हवी होती. पण राग उतरत नव्हता. मी तिचा हात ओढून अंगठा भिंगाखाली घेतला. एकेक रेषा जुळली. फरक एकच होता. नाण्यावरच्या अंगठ्याला मधोमध तिरका काप होता आणि ताईच्या अंगठ्याला साधा ओरखडाही नव्हता.

"झालं समाधान?" तिने हात हिसकावून घेतला.

"तो काप कुठे गेला ते सांग," मी ओरडलो. आपण काय विचारतोय, हे माझं मलाच कळत नव्हतं.

तिने नाणं पेटीत फेकलं आणि पेटीचं काचेचं झाकण दाणकन आपटलं. काच फुटली.

ताईने अंगठा तोंडात धरला आणि माझ्याकडे बघत राहिली.

भिंग माझ्या हातातच होतं. "दाखव" म्हणायला तोंड उघडेना.