वाहता नळ

हायडेलबर्गच्या लायब्ररीतून मी एक जर्मन कादंबरी आणली होती. लष्करी राजवटीत राहणाऱ्या ग्रीक कुटुंबाची. भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून त्यातली आई आधी नळ सोडते, मगच बोलते. शेवटी तिच्या मुलाला अनवाणीच घेऊन जातात.

ती वाचून संपवली, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी आंघोळ करून आले, तर स्वयंपाकघरात नळ धो धो वाहत होता. शेजारी सासूबाई उभ्या. त्यांना जर्मन येत नाही, आणि कादंबरीबद्दल मी घरात बोललेही नव्हते.

“अहो आई, पाणी वाया जातंय.”

“पद्माकरला नेलं गं,” त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या.

“काहीतरीच काय! ऑफिसला गेलेत ते.” मी नळ बंद केला.

बाहेर बर्फ पडत होता. दाराशी नवऱ्याचे एकुलते एक बूट तसेच होते, आत मोजे खुपसलेले.

मी परत आले आणि नळ पूर्ण सोडला.