पाचवं रीळ

"दोन्ही प्रती ठेवायला जागा नाही, काका. एक ठेवू, एक उद्या वितळवायला जाईल," चित्रपट-भांडारातली ताई म्हणाली. त्या सिनेमातलं हयात माणूस एकच, म्हणून निवड तिने त्यांच्यावर सोपवली होती.

"ही ठेवा," म्हणत सुतारकाकांनी दुसऱ्या प्रतीवर हात ठेवला.

ताईला नवल वाटलं. सिनेमा एकच, खुनाचा. बोलपट नवे होते तेव्हाचा. त्या काळी प्रत्येक प्रसंग दोनदा घेत. सेट तोच, आधी एका भाषेतले नट, मग दुसऱ्या भाषेतले. पहिली प्रत लख्ख होती. दुसरीचा आवाज खरखरत होता, आणि डब्यावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'पाचव्या रिळात चूक. तशीच ठेवली.'

सेटवरचा जिना काकांनी केला होता. त्यांच्या बायकोने दोन्हींत काम केलं होतं. ती जाऊन दोन महिने झाले होते. काका सकाळी अजून दोन कप चहा करत आणि एक ओतून देत. भिंतीवर तिचे चार फोटो होते. हात लावला की काच गार लागे.

"दुसरी भाषा येते तुम्हाला?"

"एक अक्षर नाही."

"मग पहिली घ्या ना. काकू तिच्यातही आहेतच की."

"आहे. पण त्या प्रतीत तिचं काम अगदी बिनचूक आहे."

ताईला हसू आलं. बायकोबद्दल अशी तक्रार तिने कधी ऐकली नव्हती. तिने पाचवं रीळ लावलं.

पडद्यावर जिन्यात नायिका किंचाळली. काकू काय देखण्या होत्या, असं ताई म्हणाली. काकांनी मान हलवली. ही ती नव्हे. नायिका दोन्हींत वेगळ्या, इन्स्पेक्टरही वेगळे. हा दुसरा फार अडखळायचा. तपासाचं लांबलचक भाषण संपवता संपवेना, सगळे ताटकळले होते.

"मग काकू कुठे?"

काकांनी जिन्याच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. तिथे खून झालेली बाई डोळे मिटून पडली होती.

"प्रेताला कुठे बोलायचं असतं? म्हणून दोन्हींत तीच."

इन्स्पेक्टर बोलता बोलता थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा अडला. काका खुर्चीच्या कडेवर आले.

पायथ्याशी पडलेल्या बाईने हळूच श्वास घेतला.