चौथा डबा

"हा तरी प्या, आई." सुनेने नव्या डब्याचं झाकण उघडून तो सासूबाईंच्या नाकाशी धरला. "दोन बस बदलून आणलाय. दुकानदार म्हणाला, याच्यापुढे चहा नाही."

पानं काळीभोर, पीळदार. वास थेट डोक्यात गेला. पंधरवडाभर ठणकणारं डोकं क्षणभर निवलं.

"छान आहे गं."

"आधीच्या तिन्ही डब्यांना हेच म्हणालात. संध्याकाळी येऊन बघावं तर कप तसाच भरलेला, गार." सुनेने एका पायात बूट चढवला. "पाणी जड असेल म्हणून गाळायचा जग आणला, तरी तेच. हे म्हणतात, आईने चहा सोडला म्हणजे तिचं इथे मन नाही. आज तुमचं परतीचं तिकीट अलीकडचं करणार होते. मी म्हटलं, थांबा, एक डबा अजून."

सासूबाईंनी खांद्यावरची शाल सारखी केली.

दार लागलं. लिफ्ट कालपासून बंद होती. सुनेचे बूट जिन्यावरून खाली खाली वाजत गेले आणि घर रिकामं झालं.

खोट चहात नव्हतीच. सासूबाईंचा नेम होता: सकाळचा चहा दुसऱ्या कुणाच्या मुखी लागल्याशिवाय आपल्या घशाखाली उतरवायचा नाही. तिकडे घरी हा नेम आहे हे कुणाला कळलंसुद्धा नाही, कारण दार उघडायचा अवकाश की कुणीतरी उभंच. दूधवाला, केरवाली, पेपर आधी आपल्यालाच हवा म्हणणारे शेजारचे भाऊजी. इथे परदेशात मुलगा अंधारातच कामावर जायचा, मागोमाग सून. दोघंही कॉफीवाले. समोरच्या शेजाऱ्यांचं दार उघडलेलं सासूबाईंनी अजून पाहिलं नव्हतं. आणि नेम बोलून दाखवायचा नसतो. बोलला की निम्मा विटतो.

तरी त्या रोज दोन कप चहा करायच्या. न जाणो.

पूजा आटोपून त्यांनी आधण ठेवलं. कोरा चहा म्हणजे सरळ माणूस. दुधाचा आडोसा नाही, जे असेल ते समोर. पाणी खळखळलं तसं आच बंद केली, पत्ती टाकली, झाकण ठेवलं आणि माळ हातात घेतली. पाव माळ होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. मग गाळला. चिंचेने नुकत्या घासलेल्या तांब्यासारखा रंग.

बाहेर काहीतरी ठणकन पडलं.

त्यांनी दार उघडलं. लिफ्टच्या उघड्या दारापाशी एक धिप्पाड कारागीर गुडघ्यांवर बसून पाना शोधत होता.

"घ्या हो दादा," सासूबाईंनी कप पुढे केला. "गरम आहे तोवर."

त्याला शब्द कळले नाहीत, कप कळला. त्याने हातमोजे काढले, कप दोन्ही तळव्यांत धरला, फुंकर घालून घोट घेतला. सासूबाई त्याच्या गळ्याकडे बघत उभ्या. घोट खाली उतरला. त्याने भुवया उंचावल्या, मान डोलावली. तेव्हा कुठे त्यांनी आपला कप कपाळाला टेकवला, "पाठवलंस रे बाबा," असं पुटपुटल्या आणि डोळे मिटून प्यायल्या.

"आई?"

सून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, धापा टाकत. ऑफिसचं कार्ड घरी विसरलं होतं. तिने कारागिराच्या हातातला कप पाहिला, मग सासूबाईंचा.

"तिकडेही तुम्ही असंच करता. आधी दुसऱ्याला. मला वाटायचं, तुम्हाला माणसांची हौस आहे."

"हौसच आहे गं."

"नेम आहे तो! मी सगळं शहर पालथं घातलं आणि तुम्ही चहावाचून बसलात? मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू रोज माझ्यासाठी चहा प्यायली असतीस. नेम माझा आणि तोंड वाकडं तुझं, हा कुठला न्याय?"

सुनेला हसू आलं. मग एकदम आठवण झाली. "आणि ते आधीचे तीन डबे?"

"चांगलेच असतील की. मी अजून चाखलेत कुठे!"

कारागिराने रिकामा कप सासूबाईंच्या हातात दिला आणि छातीवर हात ठेवून किंचित वाकला. मग त्याने बटण दाबलं. लिफ्ट उजळली. त्याने मोठ्या अदबीने सुनेला आत जायची खूण केली. तिने नकारार्थी मान हलवली. तो एकटाच खाली गेला.

सुनेने बूट काढले. फोन कानाला लावला. "अहो, तिकीट राहू द्या. चहा मिळाला." पलीकडून प्रश्न आला असावा. "कुठला ते घरी आल्यावर सांगते."

स्वयंपाकघरात जाऊन तिने फळीवरचा पहिला डबा काढला. पाणी उकळलं, पत्ती पडली, झाकण बसलं.

"घ्या माळ," ती म्हणाली. "पहिला कप माझा."

सासूबाईंनी माळ घेतली. पण बोटं पहिल्याच मण्यावर कितीतरी वेळ थांबून राहिली, पुढे सरकेचनात. चहा फार मुरला, कडू झाला.

सुनेचं तोंड वाकडं झालंच. पण तिने कप खाली ठेवला नाही.