लहान मापाचे अंगुस्तान

भरतकामाच्या आमच्या कारखान्यात एक रीत होती. ज्या मुलास कामाला बसवायचे, त्याच्या घरी मालक लहान मापाचे पितळी अंगुस्तान पाठवीत. सुईपासून बोट वाचवणारी ती टोपी आठव्या वर्षी माझ्या बोटात बसली आणि शाळा कायमची सुटली. काल मालकांनी तीच माझ्या हाती ठेवली. "तुझ्या पोरीची बोटं नाजूक आहेत. उद्या घेऊन ये. नाही आणलीस तर तूही येऊ नकोस." घरी मी टोपी लेकीपुढे ठेवली. ती हरखली. "बाबा, माझ्या पेन्सिलीला आणलंत?" हाती धरवेनासा झालेला पेन्सिलीचा तुकडा तिने टोपीत खोचला आणि अक्षरे गिरवू लागली. सकाळी मालकांनी विचारले, "काय रे, बसली का टोपी?" कामाने वाकलेली माझी मान आपोआप ताठ झाली. "चपखल बसली, मालक. पोरीच्या पेन्सिलीला. आता परत मिळायची नाही."